साताऱ्याच्या घाटात जुनी मारुती ८०० पाळायची तर

खिशात ८० हजार असतील तर गाडी ४५-५० हजाराची बघायला जा, ८० ची नाही. हे सुरुवातीलाच सांगतोय कारण नव्या पोरांचं गणित इथंच चुकतं, सगळे पैसे व्यवहारात घालवतात आणि मग पहिल्याच महिन्यात मिस्त्री वीस हजार सांगतो तेव्हा गाडी दारात ताडपत्रीखाली जाते ती तिथंच राहते. उरलेले ३०-३५ हजार पहिल्या सहा महिन्यांत गाडी खाणार म्हणजे खाणार, कितीबी पारखून घ्या. आणि ते सगळे गाडीच्या खाली जायला पाहिजेत, वर नाही. अलॉय, सीट कव्हर, टेप हे वरचं झालं. ब्रेक, टायर, रेडिएटर, सस्पेन्शन, पत्रा हे खालचं.

माझी २००४ ची मारुती ८००, पांढरी (दुसरा कलर कुठला असणार), चार गिअरवाली, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी सेन्सर-कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारी). २०२१ ला दहिवडीकडच्या एका रिटायर गुरुजींकडून ४५ हजाराला घेतली. गुरुजींनी गाडीसोबत एक दोनशे पानी वही दिली, त्यात कितव्या किलोमीटरला ऑइल बदललं, कुठला बल्ब गेला, कुठं पंक्चर झाली, सगळं निळ्या शाईत. अशी वही मिळाली तर पाच हजार जास्त द्या, डोळे झाकून. पण त्या वहीतबी टायमिंग बेल्ट हा शब्द शेवटपर्यंत कुठं सापडला नाही, ते पुढं येईल.

आधी गाडी कुठली ते ठरवा

८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि जानेवारी २०१४ ला बंद झाली. तीस वर्षं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन, मधे बदल झाले पण जात तीच, त्यामुळं पार्ट साताऱ्यातच काय कोरेगाव-वडूजला पण मिळतो आणि मिस्त्रीला झोपेतून उठवलं तरी काम येतं. २००० च्या आधीच्या बहुतेक गाड्या कार्बोरेटरवाल्या, नंतरच्या एमपीएफआय. नवीन माणसानं कार्बोरेटरच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नुसत्या कानावर कार्बोरेटर ट्यून करणारे जुने मिस्त्री कमी होत चाललेत आणि राहिलेल्यांकडं नंबर लावावा लागतो. मधे काही वर्षं ८०० पाच गिअर आणि १२ व्हॉल्व्हमधे पण आलेली, ती चांगल्या कंडिशनला मिळाली तर सोडू नका.

झेन म्हणाल तर १९९३ ते २००६, ९९३ सीसी, अख्खं इंजिन ॲल्युमिनियमचं, गाडी हलकी आणि बुटकी, चालवायला नाद खुळा. पण एकदा जोरात तापली तर हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम निघतं, आणि लाइट, बंपर, काचेच्या रबरी पट्ट्या असलं बारीकसारीक शोधत फिरावं लागतं. अल्टो २००० पासूनची, तिच्यात ७९६ सीसीच पण १२ व्हॉल्व्ह, ४६ च्या आसपास बीएचपी (इंजिनाची ताकद) आणि पाच गिअर, साध्या ८०० ला ३७. घाटात हा फरक पायाला कळतो. सँट्रो १९९८ ला आली, उंच आहे, म्हाताऱ्या माणसांना बसाय-उठायला सोपी, पार्ट मारुतीपेक्षा महाग पडतात.

डोक्यानं घ्यायची तर अल्टो घ्या. मी ८०० घेतली कारण मी डोक्यानं घेतली नाही.

कुठं शोधायची

इथं सातारकरांना एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईवाल्यांना नाही. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. जुन्या गाडीला इंजिन मारत नाही, गंज मारतो. इंजिन बदलता येतं, लाइनर-पिस्टन टाकता येतात, पण फ्लोअरचा पत्रा सडला की गाडी संपली. म्हणून गाडी शोधायची ती दहिवडी, म्हसवड, वडूज, फलटण, नाहीतर सांगलीकडं जत-आटपाडीला. महाबळेश्वर, मेढा, पाटण, कोयनेकडची गाडी कितीबी चकाचक असली तरी मॅट उचलल्याशिवाय बोलणी करू नका. दुष्काळी भागातल्या गाडीत धूळ सापडेल, रबरं कडक झालेली असतील, उन्हानं डॅशबोर्ड पांढरा पडलेला असेल, ते सगळं परवडतं.

बघायला जाताना

सकाळी जा आणि फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवायचा, गरम लागलं तर समजायचं की थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतंय आणि मालकाला ते माहितीय. बरोबर उजेडाची बॅटरी (टॉर्च), एक मोठा पेचकस, एक लोहचुंबक आणि अंगाखाली घ्यायला जुनी चादर. लाजायचं नाही, चादर टाकून गाडीखाली झोपायचं. मालक हसला तर हसू दे.

मॅट उचला, ड्रायव्हरच्या पायाखालची पहिली. बऱ्याच गाड्यांत मॅटखाली काळा डांबरी थर असतो, तो पेचकसाच्या मुठीनं ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भदभद. मी गुरुजींच्या आधी एक मेढ्याची गाडी बघितली होती, बाहेरून नवी नवरी, पेंट ताजा, मालक म्हणला घरचीच गाडी आहे एका हातावरची. मॅट उचलली, पेचकस टेकवला, टेकवलाच फक्त, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि खालून दिवाणखान्यातली फरशी दिसायला लागली म्हणा ना, म्हणजे पार्किंगची फरशी. मालक आणि मी दोघंबी दोन मिनिटं गप्प. मग त्यानं चहा विचारला.

बाकीच्या जागा: बॅटरीच्या खालचा ट्रे (ॲसिड सांडून सांडून सडतो), दरवाज्यांची खालची कड, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीतला फ्लोअर, आणि बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूला शॉकॲब्सॉर्बर जिथं वर बोल्ट होतो तो भाग. हा शेवटचा सडका असेल तर तिथूनच परत फिरा. लोहचुंबक कमानींवर आणि दरवाज्यांवर लावत जा, चिकटत नसेल तिथं खाली लांबी (पुट्टी) भरलीय, पत्रा नाही.

मग इंजिन. ऑइल टाकायचं झाकण उघडा, आतून दुधाच्या सायीसारखं पिवळट काही दिसलं तर ऑइलमधे पाणी जातंय. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा, आत हिरवा नाहीतर गुलाबी कूलंट दिसला पाहिजे, नुसतं तांबडं गंजकं पाणी असेल तर रेडिएटरचा खर्च आत्ताच धरा, आणि वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलंय. मग स्टार्टर मारा. सायलेन्सरमागं एक माणूस उभा करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा सकाळी दोन मिनिटं आला तर चालतं, इंजिन गरम झाल्यावर पण येत राहिला तर पाणी सिलिंडरमधे जातंय. स्टेअरिंग फुल काटून हळू गोल फिरवा, टक टक टक आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलाय, हे काय सोडून द्यायचं कारण नाही पण भाव पाडायचं कारण आहे.

चेसिस नंबर आरसी बुकाशी आकडा-आकडा जुळवून बघा, फोटो काढा. कोणी काय सांगितलं ते सोडा.

घाटात चालवून बघा

शोरूमच्या गाडीला टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर. आपल्याला तसं करून चालत नाही. गाडी साताऱ्यात असेल तर समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, मालकाला शेजारी बसवून. वाईकडची असेल तर पसरणीचा, कराडकडची असेल तर जवळ जो चढ असेल तो.

चढताना बघायचं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी वाढत नाहीये असं होतंय का, होत असेल तर क्लच प्लेट. टेम्परेचरचा काटा मधे येऊन थांबला पाहिजे. यवतेश्वरला वर पोचल्यावर गाडी चालूच ठेवायची, पाच मिनिटात रेडिएटरचा फॅन आपोआप चालू होऊन परत बंद झाला पाहिजे. फॅनचा आवाज ऐकल्याशिवाय खाली उतरायचं नाही.

उतरतानाची खरी गंमत कोणी सांगत नाही. सेकंड गिअरमधे पाय काढून निवांत उतरत यायचं, ब्रेक कमी. गिअर स्वतःहून निसटून न्यूट्रल होत असेल तर गिअरबॉक्स. आणि असं मिनिटभर उतरून झालं की एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा आणि आरशात बघायचं. निळा धुराचा एक ढग आला आणि विरला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, ते काम स्वस्त आहे. चढताना जोर लावल्यावर सलग निळा धूर येत असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे इंजिन काम. या दोन धुरांत बऱ्याच हजारांचा फरक आहे आणि तो घाटातच कळतो, पोवई नाक्यावर नाही.

कागद

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यानंतर दर पाच वर्षांनी रिपासिंग. फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओला दाखवायची. एप्रिल २०२२ पासून कारची रिपासिंग फी ५००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मधे २० वर्षांच्या पुढच्या कारसाठी ती १०,००० केली. वर पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर महिन्याला ५०० चा दंड लागत जातो, म्हणून "पासिंग करून घ्या ओ, किरकोळ आहे" म्हणणाऱ्या मालकाला तो किरकोळ आकडा आधी मोजून दाखवायचा आणि भावातून वजा करायचा. माझं २०२४ ला ५००० त उरकलं, पुढच्या वेळी दहा लागणार. स्वस्त जुनी गाडी आता पहिल्याएवढी स्वस्त राहिली नाही हे खरंय.

एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकून कितवा मालक, कर्ज चढवलेलं आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत, एवढं बघा, पेंडिंग चलन पण काढा. कर्ज दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे नाही. ट्रान्स्फरला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं सह्या करून दिल्या म्हणजे गाडी नावावर झाली नाही, ते ऑनलाइन नोंदवून फी भरेपर्यंत गाडी त्याचीच, ॲक्सिडेंट झाला तर तोच अडकणार, म्हणून ट्रान्स्फरचं काम दोघांनी मिळून लगेच त्याच आठवड्यात करा.

एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसलेली आहे का बघा, नसेल तर कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी. थर्ड पार्टी इन्शुरन्स १००० सीसीपर्यंतच्या कारला २०२२ च्या दरानं २,०९४ अधिक जीएसटी. असल्या गाडीला फुल इन्शुरन्सचा फारसा उपयोग नाही, पण थर्ड पार्टी नसताना गाडी गेटबाहेर काढायची नाही. पीयूसी बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) च्या आधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचीच मिळते, मोबाइलला रिमाइंडर लावून ठेवा.

पहिल्या सहा महिन्यांची कामं, याच क्रमानं

ब्रेक. गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी. पुढं डिस्क असते, पॅड बदलणं सोपं आहे, खरी भानगड मागच्या ड्रममधे. ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं रबर मागं सारून बघायचं, आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय, दोन्ही बाजूचे बदला. पुढच्या चाकांकडं जाणारे रबरी होज वाकवून बघा, चिरा दिसल्या तर बदला. आणि ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवीन भरा, दर दोन वर्षांनी. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, मग घाटात ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. मला हे यवतेश्वर उतरताना एकदा झालंय, अर्धंच पेडल गेलं होतं, सेकंड गिअर होता म्हणून वाचलो. घाट ज्या गिअरमधे चढता त्याच गिअरमधे उतरायचा हे आमचे नाना सांगायचे, ट्रकवर होते.

टायर. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, ३२१८ असेल तर २०१८ च्या ३२ व्या आठवड्यातला. नक्षी कितीबी शिल्लक असू दे, सहा-सात वर्षांच्या पुढचा टायर कासच्या पावसात साबणासारखा सरकतो.

कूलिंग. रेडिएटर साफ करून घ्या, सगळे होज, झाकण आणि थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा) बदला, सगळं मिळून टायरच्या जोडीपेक्षा स्वस्त. इथं मिस्त्रीशी वाद होणार. जुन्या मिस्त्रींना थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय आहे, "आपल्याकडं गरमी आहे, लागत नाही." लागतो. तो नसला तर इंजिन टेम्परेचरला यायला वेळ लागतो, एमपीएफआय गाडी थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहते, ॲव्हरेज पडतं आणि तुम्ही सेन्सर बदलत बसता.

दुसरी सवय म्हणजे फॅन डायरेक्ट करून डॅशबोर्डखाली बटण देणं. फॅनच्या वायरिंगशी खेळलं की काय होतं ह्याची गोष्ट सांगतोच. २०२२ चा मे, रविवार संध्याकाळ, पुण्याहून येत होतो. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा मिळायचा पण येताना खंबाटकी घाट चढावा लागायचा, आणि वर कुठंतरी ट्रक बंद पडलेला, सगळं ट्रॅफिक फर्स्ट गिअरमधे सरकतंय. काटा मधून वर सरकायला लागला. एसी बंद केला, काचा खाली, हीटर फुल चालू केला, मे महिन्यात, कारण हीटर पण एक छोटा रेडिएटरच आहे आणि तेवढीच उष्णता इंजिनातून निघते. बायको माझ्याकडं बघतीय. काटा थांबला पण उतरला नाही, शेवटी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. एक काका पाण्याची बाटली घेऊन धावत आले रेडिएटर उघडायला, त्यांना अक्षरशः धरून ठेवलं, तापलेलं झाकण उघडलं असतं तर तोंड भाजलं असतं. अर्धा-पाऊण तास थांबलो. बोनेट उघडून बघितलं तर फ्यूज चांगला, फॅनचा प्लग ओढला तर एक पिन कोळशासारखी काळी, प्लॅस्टिक वितळून तिच्याभोवती चिकटलेलं. कधीतरी कोणीतरी तिथं वायर पिळून नुसती टेप गुंडाळली होती, लूज कनेक्शन तापत तापत जळलं. दोन वायरचे तुकडे काढून फॅन सरळ बॅटरीला जोडला आणि तसाच साताऱ्यात आलो. घरी आल्यावर नवीन प्लग, नवीन रिले, सोल्डरिंग, सगळं मिळून साडेतीनशे रुपये. तो प्लग न बदलल्यामुळं हेड गेलं असतं तर दहा हजारात पण भागलं नसतं. बटण द्यायचंच असेल तर ऑटोमॅटिक स्विच ठेवून त्याला जोड म्हणून द्या, त्याच्या बदली नको, कारण तुमच्या घरातलं दुसरं कोणी गाडी नेतं तेव्हा ते बटण दाबायचं त्याला कोण सांगणार.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करवणारा रबरी पट्टा. शेवटी कधी बदलला हे पुराव्यानिशी माहीत नसेल तर घेतल्या महिन्यातच बदला, आयडलर बेअरिंगसकट. वहीत नव्हता म्हणून मी काढून घेतला, जुना बेल्ट उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी चिरा दिसत होत्या. हा बेल्ट आधी कुठला आवाज करत नाही, सूचना देत नाही, तुटला की गाडी जिथं असेल तिथं बंद, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून वर खर्च.

मग ऑइल, सगळे फिल्टर, प्लग, गिअर ऑइल (ह्याला कोणीच हात लावलेला नसतो), बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरी घासून घट्ट करणं. इंजिन ऑइल तीन लिटरच्या आत बसतं, ५ हजार किलोमीटर नाहीतर सहा महिने, जे आधी होईल तेव्हा बदला. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) विसरू नका, शिलाई मशीनसारखा आवाज येत असेल तर तेच. सस्पेन्शनमधे लोअर आर्म, बुश, बॉल जॉइंट बघून घ्या आणि मग अलाइनमेंट, आधी अलाइनमेंट केली तर पैसे पाण्यात.

मिस्त्री एकच धरा. दर वेळी स्वस्त कुठं म्हणून फिरू नका. पार्ट स्वतः आणून द्या, जुना पार्ट परत मागा, आणि काम चालू असताना तिथं स्टुलावर बसा, दोन महिन्यांत निम्मं तुम्हालाच यायला लागतं. दिवाळीला पाव किलो कंदी पेढे. पुढं कधी रात्री आठ वाजता मेढ्याच्या रस्त्यावर बंद पडलात तर फोन उचलला जातो.

पेट्रोलचं

आता पंपावर ई२० येतंय, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. लगेच इंजिन फुटतं वगैरे व्हॉट्सॲपवरचं सोडून द्या, पण जुनी रबरी नळी मऊ होते, चिरते, आणि टाकीतला जुना गंज-मळ सुटून फिल्टरला येतो. म्हणून टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप आणि क्लिपा नवीन टाकून घ्या, इथेनॉलला चालणारे मागून, आणि पहिल्या वर्षी पेट्रोल फिल्टर दोनदा बदला. ॲव्हरेज थोडं पडतं, ते पडणारच. इथेनॉल पाणी ओढतं म्हणून पावसाळ्यात दोन-दोन महिने गाडी उभी ठेवायची नाही, आठवड्यातून एकदा वाढेफाट्यापर्यंत तरी फिरवून आणायची. आणि बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर "नंतर बघू" नाही. त्याच दिवशी.

पावसाळ्याआधी

मे महिन्यात एक रविवार. दरवाज्याच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात पाणी जायला, ती मातीनं बुजतात, काडीनं साफ करा. वायपरच्या खालच्या जाळीत पानं अडकतात ती काढा. कार्पेट बाहेर काढून कडकडीत वाळवा. अंडरकोटिंग चांगलंच, पण आधी खालचा पत्रा घासून, गंज काढून, प्रायमर मारून मग. गंजावर काळा रंग मारला की गंज आत निवांत वाढत राहतो आणि तुम्हाला दिसत पण नाही. काहीजण जळकं ऑइल खाली मारतात, रबरी बुश खराब होतात आणि अंगणात महिनाभर वास, करू नका. कासला फुलं बघायला सप्टेंबरात जाणार असाल तर धुकं असतं, आतून काच धूसर होते, तेव्हा एसी किंवा हीटर काचेवर सोडायचा, फडक्यानं पुसत गाडी चालवायची नाही.

आता मॉडिफिकेशन

इथपर्यंत आलात म्हणजे सहा-आठ महिने झाले असतील आणि ते बाजूला ठेवलेले पैसे संपले असतील. आता हौस.

सगळ्यात पैसा वसूल काम म्हणजे हेडलाइटचा रिले. जुन्या गाडीत लाइटचा सगळा करंट स्विचमधून आणि बारीक जुनाट वायरींतून फिरून येतो, वाटेत व्होल्टेज गळतं आणि बल्ब मेणबत्तीसारखा पेटतो. रिले लावला की स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बला बॅटरीतून सरळ जाड वायरनं फ्यूजमधून करंट मिळतो. बल्ब तोच साधा ६०/५५ वॉटचा, पण ठोसेघरच्या रस्त्यावर फरक बघा. १००/९० चे बल्ब टाकू नका, होल्डर वितळतो, समोरच्याला दिसत नाही आणि नियमात पण बसत नाही.

टायर. ८०० ला कंपनीचा १४५/७० आर१२. बरेच जण अल्टोचा १४५/८० आर१२ टाकतात. टायरचा व्यास साधारण ५०८ चा ५३७ मिलिमीटर होतो, गाडी दीड सेंटीमीटर उचलली जाते, खड्ड्यात बरं पडतं. पण गिअरिंग पावणेसहा टक्क्यांनी जड होतं, चार गिअरच्या ३७ बीएचपीला घाटात ते जाणवतं, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ला असते. मी टाकून बघितले आणि परत ७० वर आलो. तुम्ही सपाटीला, कोरेगाव-रहिमतपूर साइडला राहत असाल तर टाका, फक्त स्टेअरिंग फुल काटल्यावर आत घासत नाही ना बघा.

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवायची नाही. दिसायला भारी, पण आपल्याकडचे गतिरोधक कोणी मोजून केलेले नाहीत, पहिल्याच आठवड्यात सायलेन्सर हातात येतो, आणि कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागेवरून सुटू शकते.

आवाज कमी करायचा असेल तर चारी दरवाज्यांत आणि फ्लोअरवर डॅम्पिंग शीट चिकटवा, रविवारचं काम आहे, दरवाजा लावताना पत्र्याच्या डब्याऐवजी कारसारखा आवाज येतो. मागच्या सीटला बेल्ट नसतील तर बसवून घ्या, पोरं बसतात तिथं. म्युझिकला साधा स्टिरिओ आणि पुढं दोन चांगले स्पीकर बास, मोठा ॲम्प्लिफायर ह्या अल्टरनेटरला झेपत नाही.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. रंग बदलला, सीएनजी बसवला, इंजिन बदललं, हे आरटीओत परवानगी घेऊन आरसीवर चढवावं लागतं. ८०० मधे दुसरं मोठं इंजिन टाकलेल्या गाड्या फिरताना दिसतात, भारी पळतात, पण आरसीवर नोंद नसेल तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. पुढचा लोखंडी गार्ड २०१७ पासून बंद आहे. काचेतून पुढं-मागं ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. सीएनजीचं माझं मत विचाराल तर डिकी जाते, घाटात दम जातो, सिलिंडरची दर तीन वर्षांनी टेस्ट करावी लागते. रोज पन्नास-साठ किलोमीटर असेल तरच.

डिकीत काय ठेवायचं

फॅन बेल्ट, चार-पाच फ्यूज, मीटरभर वायर, टेप, कूलंटची एक बाटली, टॉर्च, हवा भरायचा छोटा पंप, जाड हातमोजे. ती चादर पण राहू द्या. आणि टोचनचा दोर, नायलॉनचा नको, पट्ट्याचा घ्या. गाडीखाली पुढं त्यासाठी लोखंडी कडी असते, दोर तिथंच लावायचा, बंपरला नाही, कारण बंपर दोराबरोबर पुढं निघून जातो आणि गाडी जागेवर राहते, हे मी पाचगणीच्या वाटेवर दुसऱ्याच्या गाडीला होताना बघितलंय.